अल्प खर्चातील दूरचा प्रवास

दूरच्या गावी जाण्याची गरज माणसाला सर्व काळी पडत आली आहे. कोणाला तीर्थयात्रेस जावयाचे असते, कोणाला विद्येसाठी, तर कोणाला पोट भरण्यासाठी. परंतु दूर जाण्याची साधने मात्र सर्वांच्या हाती सारखी नव्हती. धनिकांच्या दारी घोडे, मेणे आणि पालख्या असत. शेतकऱ्याजवळ बैलगाडी असे. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नसे, त्याला स्वतःच्या पायांवाचून दुसरे वाहन नव्हते. म्हणजे ज्याला कामधंद्यासाठी दूर जाणे अत्यंत आवश्यक असे, त्यालाच तो प्रवास सर्वांत अवघड पडे.

रायगड जिल्ह्यातील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. घरची ओढगस्त दूर व्हावी म्हणून इ. स. १८५७ मध्ये हे तरुण भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. वाट शेकडो कोसांची होती आणि ती बहुतेक पायी तुडवावयाची होती. त्यातच सत्तावनचा उठाव पेटला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, वाटेत लुटले गेले आणि मिळवलेले द्रव्य गमावून बसले. दोन वर्षांहून अधिक काळानंतर ते घरी परतले, ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. पुढे त्यांनी लिहिलेली ही हकिकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. ते पुस्तक वाचले म्हणजे त्या काळी गरीब माणसाला दूर जाण्यासाठी केवळ पैसाच नव्हे, तर आयुष्याची वर्षेही कशी खर्च करावी लागत, हे ध्यानात येते.

विष्णुभट घराबाहेर पडले, त्याच्या चारच वर्षे आधी एका नव्या वाहनाचा आरंभ झाला होता. १६ एप्रिल १८५३ या दिवशी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे आगगाडी निघाली. तिला चौदा डबे होते आणि त्यांत सुमारे चारशे उतारू बसले होते. हा लोहमार्ग चौतीस किलोमीटरांचाच होता. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट यांच्यासारख्या दूरदर्शी पुढाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली होती. पुढे सह्याद्रीचा कडा फोडून बोरघाटात लोहमार्ग नेण्यात आला. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. हजारो मजूर कित्येक वर्षे त्या कड्यावर राबत होते आणि अपघातांनी व रोगराईने त्यांतील पुष्कळांचे प्राण गेले. १८६३ साली तो मार्ग खुला झाला आणि मुंबई व पुणे ही शहरे एकमेकांस जोडली गेली. आज घाटातून आरामात जाणाऱ्या प्रवाशाने त्या अनामिक मजुरांचे स्मरण ठेवावे, हे योग्यच होय.

आगगाडीत निरनिराळे वर्ग होते. परंतु गाड्या भरत, त्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंनी. ज्यांनी कधी गावाची शीव ओलांडली नव्हती, असे शेतकरी, कारागीर आणि यात्रेकरू थोडक्या पैशांत काशी-रामेश्वरापर्यंत जाऊ लागले.

येथे कोणाच्याही मनात एक प्रश्न येईल. आगगाडी किंवा मोठी मोटारगाडी उभारण्यास इतका खर्च येतो, तर तिचा प्रवास स्वस्त कसा पडतो? याचे उत्तर भागाकारात आहे. समजा, चारशे किलोमीटर अंतर जावयाचे आहे. लहान मोटार एक लिटर इंधनात वीस किलोमीटर जाते असे धरले, तर तिला वीस लिटर इंधन लागेल. तीत चार माणसे बसली, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाच लिटर येईल. एकटाच मनुष्य बसला, तर वीस लिटरांचा सारा भार त्याच्यावर पडेल. आता एक मोठी बस घेऊ. ती एका लिटरमध्ये पाचच किलोमीटर जाते असे धरले, तर तिला ऐंशी लिटर लागेल. वरवर पाहता हा खर्च चौपट दिसतो. परंतु बसमध्ये चाळीस प्रवासी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास दोनच लिटर येतात. गाडीची किंमत, तिची दुरुस्ती आणि चालकाचे वेतन हे खर्चही अशाच रीतीने अनेकांत वाटले जातात. अनेकांनी मिळून उचललेले ओझे हलके होते, तोच हा न्याय होय.

आगगाडीला याशिवाय आणखी एक लाभ मिळतो. मोटारीचे रबरी चाक रस्त्यावर फिरताना दबते आणि त्यात शक्ती वाया जाते. पोलादी रुळावरून फिरणारे पोलादी चाक जवळजवळ दबत नाही. त्यामुळे तेवढेच वजन ओढण्यास रुळावर कितीतरी कमी शक्ती पुरते. म्हणून एकच इंजिन वीस-बावीस डबे आणि हजाराहून अधिक माणसे घेऊन सहज धावू शकते.

रेल्वेच्या भाडे-आकारणीतही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अंतर जसजसे वाढत जाते, तसतसा दर किलोमीटरचा आकार कमी होत जातो. म्हणून एकाच मार्गाने लांब जावयाचे असेल, तर तुकड्यातुकड्यांनी तिकिटे घेण्यापेक्षा शेवटच्या स्थानकापर्यंतचे एकच तिकीट घेणे सामान्यतः स्वस्त पडते. दूरच्या प्रवाशाला गरिबीमुळे अडून राहावे लागू नये, हा हेतू या पद्धतीने साधला जातो.

थोड्या पैशांत दूरचा प्रवास कसा करावा, याचे एक उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आढळते. १९०१ साली कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन झाले. त्यानंतर गांधीजी तेथेच नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे सुमारे महिनाभर राहिले. त्या वेळी ते दक्षिण आफ्रिकेत नाव मिळवलेले बॅरिस्टर होते. वरच्या वर्गाने जाणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु सामान्य जनांची सुखदुःखे जाणावयाची असतील, तर त्यांच्या बरोबरीने तिसऱ्या वर्गात बसले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. गोखल्यांनी प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. परंतु त्यामागील हेतू समजताच त्यांनी तिला मनापासून संमती दिली.

गांधीजींची तयारी साधी होती. त्यांनी बारा आण्यांची एक जाडीभरडी पिशवी विकत घेतली. तीत एक लोकरी लांब कोट, धोतर, पंचा आणि सदरा एवढेच कपडे ठेवले. पांघरण्यास एक घोंगडी आणि पाण्यासाठी एक तांब्या बरोबर घेतला. गोखल्यांनी त्यांना धातूचा एक फराळाचा डबा दिला आणि तो लाडू-पुऱ्यांनी भरून दिला. एवढ्यावरच न थांबता ते स्वतः स्थानकावर निरोप देण्यास गेले. गांधीजी पहिल्या वर्गाने जाणार असते, तर आपण आलो नसतो, असे त्यांनी बोलून दाखवले.

कलकत्त्याहून राजकोटपर्यंतचे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. वाटेत गांधीजी काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर येथे एकेक दिवस उतरले. पालनपूर सोडून इतर ठिकाणी ते सामान्य यात्रेकरूंप्रमाणे धर्मशाळेत किंवा पंड्याच्या घरी राहिले. टपालगाडीपेक्षा साधी गाडी त्यांना अधिक पसंत पडे; कारण टपालगाडीत गर्दी फार असे आणि भाडेही जास्त पडे. या साऱ्या प्रवासाला गाडीभाडे धरून एकतीस रुपयांहून अधिक खर्च आला नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. सामान कमी ठेवणे, फराळ घरचा नेणे, संथ गाडी निवडणे आणि साध्या ठिकाणी उतरणे, या चार गोष्टींत त्यांच्या काटकसरीचे सारे मर्म होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ते मर्म बदललेले नाही.

तथापि, स्वस्त प्रवास म्हणजे हालअपेष्टांचा आणि अपमानाचा प्रवास, असा अर्थ होऊ नये. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत माणसे कोंबली जात, केर साचलेला असे आणि पाण्याची व शौचाची सोय अत्यंत वाईट असे. १९१५ साली भारतात कायमचे परतल्यावर गांधीजी तिसऱ्या वर्गाने देशभर हिंडले आणि १९१७ साली त्यांनी या दुःस्थितीवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून अधिक असेल. परंतु तिसऱ्या वर्गाच्या उतारूला पहिल्या वर्गाच्या सुखाचा पाचवा हिस्सा तरी मिळतो काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. या लेखात त्यांनी केवळ अधिकाऱ्यांना दोष दिला नाही. डब्यात थुंकणाऱ्या आणि घाण करणाऱ्या प्रवाशांनाही त्यांनी त्यांचे कर्तव्य दाखवून दिले.

ही स्थिती सुधारण्यास पुष्कळ वर्षे लागली. १९७४ साली तिसरा वर्ग हे नाव रद्द झाले आणि त्याची जागा दुसऱ्या वर्गाने घेतली. परंतु बाके मात्र लाकडीच राहिली. १९७७ साली प्राध्यापक मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. सामान्य उतारूला लाकडी फळीवर अंग अवघडून रात्र काढावी लागू नये, म्हणून दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर दोन इंच जाडीची गादी बसवण्याचा निर्णय त्यांच्या काळात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान ‘गीतांजली’ ही वर्गभेद नसलेली गाडी सुरू झाली. दोन इंचांची गादी ही वरवर पाहता क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु दोन रात्रींचा प्रवास करणाऱ्या कामगाराला तिचे मोल विचारावे. मुंबईहून दक्षिणेकडे कोकणपट्टीतून जाणाऱ्या लोहमार्गासाठीही दंडवत्यांनी सतत प्रयत्न केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे सातशे चाळीस किलोमीटरांचा हा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. ज्या चाकरमान्यांचे वाडवडील आगबोटीने रत्नागिरी, वेंगुर्ल्यास जात, ते आता आगगाडीने गणपतीला घरी पोहोचतात.

रेल्वे दूर नेते. परंतु प्रत्येक गावी रूळ नेणे शक्य नसते. स्थानकापासून पुढे गावापर्यंत काय करावे, हा प्रश्न पूर्वी मोठा बिकट होता. खासगी मोटारी धावत, पण त्यांना वेळेचा धरबंध नसे. गाडी भरेपर्यंत ती हलत नसे आणि भरल्यावरही माणसे कोंबली जात. ही अडचण दूर व्हावी म्हणून मुंबई राज्याने स्वतःची गाड्यांची सेवा आरंभली. १ जून १९४८ रोजी तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथून पुण्याकडे पहिली एस. टी. धावली. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ही सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आली. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे तिचे ब्रीद आहे.

एस. टी.ने खेड्यातील जीवन किती बदलले, हे एका साध्या गोष्टीवरून कळते. पुष्कळ आडगावांत संध्याकाळी एक गाडी येते, रात्री तेथेच थांबते आणि पहाटे परत तालुक्याच्या गावी निघते. तिला मुक्कामी गाडी म्हणतात. त्या पहाटेच्या गाडीने भाजीवाली बाजाराला जाते, रुग्ण दवाखान्यात जातो आणि मुले शाळेत जातात. शहरात शिकण्यासाठी राहिलेल्या मुलाचा जेवणाचा डबाही कित्येक गावांतून एस. टी.नेच जात आला आहे. आईने पहाटे केलेली भाकरी दुपारी मुलाच्या हाती पडते. ज्या घरी स्वतःचे वाहन नाही, त्या घराला ही गाडी जगाशी जोडून ठेवते.

आता वरच्या भागाकाराकडे पुन्हा वळू. बसमध्ये चाळीस प्रवासी असले, तर प्रत्येकाच्या वाट्यास दोन लिटर इंधन येते. परंतु डोंगरातल्या वाडीला जाणाऱ्या गाडीत पाचच प्रवासी असले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सोळा लिटर येते. तेवढे भाडे त्या पाचांना परवडणार नाही. मग ती गाडी बंद करावी काय? केवळ हिशेब पाहिला, तर उत्तर ‘होय’ असे येते. परंतु त्या पाच जणांत एखादी विद्यार्थिनी असेल, तर गाडीबरोबर तिचे शिक्षणही थांबते. म्हणून गर्दीच्या मार्गावरील उत्पन्नातून आणि शासनाच्या साहाय्यातून अशा मार्गांची तूट भरून काढावी लागते. हे किती आणि कोठवर करावे, यावर नेहमी चर्चा होत असते. परंतु हा प्रश्न केवळ पैशांचा नाही, तर माणसांचाही आहे, हे विसरून चालत नाही.

याच विचाराने भाड्यात निरनिराळ्या सवलती देण्यात येतात. एस. टी.चा मासिक पास काढणाऱ्या विद्यार्थ्याला भाड्याचा सुमारे एकतृतीयांश भागच भरावा लागतो. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली विनामूल्य पास मिळतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्या वृद्धांना राज्यात विनामूल्य प्रवास करण्याची मुभा मिळाली आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे भाडे आकारण्यास प्रारंभ झाला. पाच वर्षांपुढील आणि बारा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट लागते. कोणी मोठ्या मुलाचे वय मुद्दाम कमी सांगून अर्ध्या तिकिटात नेतात. त्यात थोडे पैसे वाचतात हे खरे. परंतु मुलाला लबाडीचा जो पाठ मिळतो, तो फार महाग पडतो.

साधने असली, तरी त्यांचा उपयोग करण्यास माहिती आणि पूर्वतयारी लागते. दूरचा प्रवास करावयाचा असेल, तर प्रथम नकाशा आणि वेळापत्रक पाहावे. इच्छित गावाला सरळ गाडी नसल्यास कोणत्या स्थानकावर गाडी बदलता येईल, हे पाहावे. दोन गाड्यांच्या वेळांत पुरेसे अंतर ठेवावे. नाहीतर पहिली गाडी उशिरा पोहोचल्यास दुसरी चुकते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या कित्येक दिवस आधी करता येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांची ठरवण्यात आली. सणांच्या आणि सुट्यांच्या दिवसांत जागा लवकर संपतात. म्हणून उशीर करणाऱ्यास प्रतीक्षा यादीत तरी थांबावे लागते, किंवा अधिक पैसे मोजावे लागतात. ज्यांना आरक्षण मिळत नाही, त्यांच्यासाठी बहुतेक लांबच्या गाड्यांना सर्वसाधारण डबेही जोडलेले असतात. त्यांचे भाडे सर्वांत कमी असते. परंतु गर्दी फार असते. म्हणून लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर शयनयानाचे आरक्षण करणे शहाणपणाचे ठरते.

रात्रीच्या गाडीने निघाल्यास दिवस वाया जात नाही आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो. घरची दशमी-चटणी आणि पाणी बरोबर घेतल्यास वाटेतील खर्च कमी होतो आणि प्रकृतीही बिघडत नाही. सामान स्वतःला उचलता येईल इतकेच असावे. म्हणजे हमालीही पडत नाही आणि गाडी बदलताना धांदलही उडत नाही. तिकीट आणि थोडे पैसे वेगळ्या जागी जपून ठेवावेत. उतरण्याच्या ठिकाणी धर्मशाळा, भक्तनिवास किंवा ओळखीचे घर आहे काय, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. या गोष्टी लहान आहेत. परंतु त्या ज्याला साधल्या, तो थोड्या पैशांत दूरवर जाऊ शकतो.

सार्वजनिक वाहनाचा स्वस्तपणा सर्वांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. एखादा मनुष्य तिकिटावाचून प्रवास करतो, तेव्हा त्याचा भार तिकीट काढणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो. कोणी बाकाची गादी फाडली किंवा खिडकीची काच फोडली, तर ती बदलण्याचा खर्च अखेर सर्वांच्याच भाड्यातून निघतो. म्हातारा उतारू उभा असता तरुणाने जागा अडवून बसणे, किंवा खिडकीतून केर बाहेर टाकणे, यांमुळे प्रवास स्वस्त असूनही दुःखदायक होतो. शिस्त आणि स्वच्छता यांना भाडे पडत नाही; परंतु त्यांच्यामुळे साध्या डब्यातील प्रवासही सुखाचा होतो.

स्वतःचे वाहन असणे ही सोय आहे, यात शंका नाही. परंतु देशातील प्रत्येक मनुष्याजवळ स्वतःचे वाहन असणे शक्य नाही आणि तसे झाले, तर रस्ते पुरणार नाहीत व हवाही निर्मळ राहणार नाही. ज्याच्याजवळ काही नाही, त्यालाही वेळेवर, सुखरूप आणि मानाने दूर जाता आले पाहिजे, ही चांगल्या समाजाची एक खूण आहे. विष्णुभटांना ज्या वाटेवर वर्षे घालवावी लागली, ती वाट आज एखादा गरीब विद्यार्थी दोन-तीन दिवसांत आटोपतो. त्याच्या हातातल्या लहानशा तिकिटामागे घाट फोडणाऱ्या मजुरांचे कष्ट आहेत, न्यायासाठी झगडणाऱ्यांची तळमळ आहे आणि त्याच गाडीत बसलेल्या असंख्य सहप्रवाशांचा वाटा आहे. म्हणून ही वाहने कोणा एकाच्या मालकीची नसली, तरी ती प्रत्येकाने आपली म्हणून जपली पाहिजेत.